सिंगल ॲक्शनचं वेड, ठाण्यात राहून

कोपरीच्या कट्ट्यावर एक मित्र नेहमी विचारतो, अरे एवढी भारी पिस्तुलं आली तरी लोकं १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरवर का मरतात? सगळी गंमत अंगठ्यात आहे बाबा. सिंगल ॲक्शन म्हणजे दर गोळीला हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, स्वतः मागे ओढायचा, मग ट्रिगरला फक्त तो सोडायचं काम उरतं, म्हणून ट्रिगर हलका लागतो आणि ते क्लिक क्लिक ऐकायला तर... जाऊदे.

शिकायचं असेल तर आधी लायसनबियसनच्या मागे न लागता रेंजवर कोचकडे १० मीटर एअर पिस्टल धरा, एका हाताने, १० गुणांचा मधला गोल जेमतेम ११.५ मिमीचा, घाम फुटतो. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरवर अगदी शेवटी, आणि हळू दाबायचं, झटका नको.

पुढे कधी कोचसमोर जुनं सिंगल ॲक्शन हातात आलंच तर बाजूचं गेट, म्हणजे छोटं झाकण, उघडून फिरत्या सिलिंडरच्या घरांत एकेक काडतूस भरायचं, पण जुन्या डिझाइनमध्ये ६ पैकी ५च, हॅमरखालचं घर रिकामं, कारण खाली पडलं तर गोळी सुटू शकते. रिकाम्या पुंगळ्यापण दांडीने एकेक ढकलायच्या, तेवढ्यात शेजारच्याची दोन मॅगझिनं संपतात, संपूदे.