जुना घडीचा चाकू: पारख, सफाई आणि धार

आठवडे बाजारात किंवा भंगारवाल्याकडे जुना घडीचा चाकू दिसला की आधी धार बघू नका. धार लावता येते, झिजून संपलेलं पातं परत येत नाही. चाकू मिटून बघा. टोक मुठीबाहेर डोकावत असेल, किंवा नख अडकवायची खाच धारेच्या जवळ आलेली दिसली, तर पातं बरंच घासलं गेलंय. पाठीची स्प्रिंग मोडलेली असेल तर सोडून द्या.

मूठ शिंगाची असली तर नीट पारखा. म्हशीचं शिंग गुळगुळीत असतं; सांबरशिंगावर खडबडीत रेघा असतात, आत बारीक छिद्रं दिसतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लक्षात घेता सांबर-चितळाच्या शिंगाची आणि हस्तिदंती मूठ घेऊच नये.

सफाई करताना अख्खा चाकू रॉकेलमध्ये बुडवू नका, मूठ खराब होते. फक्त सांध्यात दोन-तीन थेंब सोडून पातं वीस-पंचवीस वेळा उघडा-मिटा. काळी घाण बाहेर येईल, ती फडक्याने पुसत राहा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. लाल गंज तेल लावून अगदी बारीक स्टील वूलने काढा. राखाडी-काळपट थर मात्र ठेवा. कार्बन स्टीलवर, म्हणजे गंजणाऱ्या साध्या पोलादावर, तो वापरातून येतो आणि लाल गंजाला थोडा अटकाव करतो. पॉलिश करून चकचकीत केलेल्या जुन्या चाकूची संग्रहातली किंमत घटते.

धारेसाठी १००० ग्रिटचा (कणांच्या बारीकपणाचा आकडा), पाणी लावून वापरायचा दगड पुरे. पातं १५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ४-५ मिमी उचला, म्हणजे साधारण १५ ते २० अंशांचा कोन मिळतो. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला अंगठा आडवा फिरवल्यावर बारीक कंगोरा सगळीकडे लागला, की बाजू बदला. शेवटी चामड्यावर पाठ पुढे ठेवून ओढा. फिरत्या चाकावर देऊ नका. धारेवर निळा रंग उमटला म्हणजे पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. मग धार टिकत नाही.

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत वापरायचा असेल तर कापण्याआधी पात्याला खोबरेल चोळा. केळीचा चीक सांध्यात वाळला की चाकू उघडता उघडत नाही. पाण्याने तो निघत नाही, तेलाच्या फडक्याने निघतो. काम झाल्यावर लगेच पुसा. आणि भरताच्या वांग्याला टोचे मारायला लॉक नसलेला चाकू नको. टोक अडकलं की पातं बोटांवर मिटतं. ओढून कापायचं काम त्याचं.

यात्रा-सणांच्या काळात पोलिसांचा शस्त्रबंदी आदेश असेल तर चाकू घरीच ठेवा, सारंगखेड्याच्या यात्रेला जातानाही.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओलावा धरून पातं गंजतं. तेलाचं सुती फडकं बरं. धातूचं अस्तर नसलेली लाकडी मूठ मे महिन्याच्या कोरड्या उन्हात आकसते आणि पातं ढिलं वाटतं. तेव्हा पातं ज्यावर फिरतं ती खीळ ठोकून आवळायची घाई करू नका. आवळलीत, तर जुलैत लाकूड फुगलं की तोच चाकू नखाने उघडणार नाही. ढिलाई पावसाळ्यातही राहिली, तरच खीळ हलक्या हाताने ठोका.