इंग्लंडमधल्या जुन्या इस्टेटीवर वारसा-वाट आखताना या चुका टाळा

विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेकडो मोठ्या हवेल्या पाडल्या गेल्या. इस्टेटीवर उरलं काय, तर फाटकाजवळचं छोटं घर, तळं, भाजीपाल्याच्या बागेची उंच भिंत आणि जुने ओक. गावकरी मिळून तिथे वारसा-वाट, म्हणजे जागोजागी फलक लावून इतिहास सांगणारी पायवाट, आखायला घेतात आणि पहिल्याच फलकापासून उमराव घराण्याची वंशावळ सुरू होते. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आसपासच्या लोकांचे पणजोबा-पणजी इथे माळी, धोबीण, शिकाररक्षक म्हणून राबले. जनगणनेच्या नोंदींत त्यांची नावं, वयं, कामं सापडतात. १९२१ पर्यंतच्या नोंदी आता खुल्या आहेत. आधी ती नावं शोधा. हवेली कशाच्या पैशावर उभी राहिली, हेही लिहा. ग्लॉस्टरशायरमधलं घुमटाचं सेझिनकोट हे घर ईस्ट इंडिया कंपनीतल्या कमाईतून उभं राहिलं. आणखी कित्येक घरांमागे गुलामांच्या श्रमांवर चाललेले उसाचे मळे होते.

दुसरी चूक म्हणजे टेबलावर बसून मार्ग ठरवणं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे जुने, मैलाला २५ इंच प्रमाणाचे नकाशे जरूर पाहा, पण ते हातात घेऊन भर हिवाळ्यात, पाऊस पडून गेल्यावर चालत जा. जिथे पाणी साचतं तिथे नुसती खडी ओतून भागत नाही, आधी पाण्याला वाट काढून द्यावी लागते. ‘हा-हा’ नावाच्या लपलेल्या खंदकापाशी विशेष जपा. हवेलीच्या बाजूने हा खंदक दिसतच नाही, हिरवळ सलग पुढे गेल्यासारखी वाटते आणि पाऊल थेट खाली जातं.

बर्फघर सापडलं की सगळ्यांना ते उघडून दिवे लावायची घाई होते. तळ्यावरचा बर्फ फोडून, पेंढ्यात दाबून उन्हाळ्यापर्यंत टिकवायची ही विटांची, बहुधा अंड्याच्या आकाराची विहीर. आत गारवा आणि दमटपणा असल्याने वटवाघळं तिथे हिवाळी झोप घेतात. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. म्हणून आधी जाणकाराकडून पाहणी करून घ्या. दार लावायचंच तर आडव्या गजांचं, वटवाघळांना ये-जा करता येईल असं.

बागेच्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमुळे ती विटेतच अडकते. मग गोठणाऱ्या थंडीत विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. संरक्षित वास्तूच्या भिंतीवर फलक ठोकायलाही आधी परवानगी लागू शकते. स्वतंत्र खांब रोवणं सोपं, पण जुन्या झाडाच्या मुळांत नको.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक जमिनीवर फिरण्याचा हक्क आहे, इंग्लंडमध्ये तसा सरसकट हक्क नाही. त्यामुळे वाट जिथून जाणार त्या प्रत्येक मालकाशी लेखी करार करा, आणि खाजकुयलीसारखी अंगाला झोंबणारी नेटलची झुडपं दर उन्हाळ्यात कोण छाटणार, हेही त्याच करारात लिहून घ्या.