पुरानंतर आम्ही विहीर कशी साफ केली

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. ओसरल्यावर आमच्या आळीच्या सामाईक विहिरीत वास मारणारं पाणी आणि तळाशी हातभर गाळ. घरं धुवायलाही पाणी हवंच, म्हणून सगळ्यांनी पहिला हात विहिरीलाच घातला.

डिझेल पंप लावून एका दमात उपसा करायला निघालो होतो, शेजारच्या काकांनी थांबवलं ते बरं झालं. जमीन भिजलेली असताना विहीर एकदम रिकामी केली तर बाहेरच्या दाबानं बांधकाम आत ढासळू शकतं. मग थोडं उपसायचं, थांबायचं, असं दोन दिवस चाललं. गाळ घमेल्यांनी काढला.

मग ब्लीचिंग पावडर. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर, म्हणजे साधारण २८ हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे ७० ग्रॅम. पुराचं पाणी म्हणून आम्ही दुप्पट घेतली. पावडर तशीच विहिरीत टाकू नका. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, बादलीभर पाण्यात ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळीच दुसऱ्या बादलीत घेऊन दोरानं पाण्यात सोडली आणि वर-खाली हिंदकळली. तासभर कोणी पाणी काढलं नाही.

आरोग्य सेवकांनी ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन, म्हणजे पाण्यात पावडरीचं क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) केली. नळीतलं पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. तरीही पिण्याचं पाणी आम्ही पुढे बरेच दिवस उकळूनच घेतलं.