कॅसेट एसी छतात कसा बसवावा: आधी पाण्याची वाट ठरवा

कॅसेट एसीच्या तक्रारीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "छतातून पाणी टपकतंय." थंडावा कमी पडतो अशी तक्रार त्या मानाने कमीच. याचं कारण सरळ आहे. भिंतीवरच्या एसीचं पाणी आपल्याच वजनाने खाली उतरून बाहेर जातं. कॅसेट छताच्या पोटात बसतो, त्यामुळे त्याच्या ट्रेमध्ये साचलेलं पाणी आतला छोटा पंप आधी वर उचलतो आणि तिथून ते ढाळाने पुढे जातं. म्हणून युनिट खोलीच्या मधोमध शोभून दिसेल का, हा प्रश्न दुसरा. पाणी कुठून जाणार, हा पहिला.

गॅसच्या पाइपचं आणि वायरिंगचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. बाकीचं तुम्ही हाताने केलंत किंवा शेजारी उभं राहून करून घेतलंत, तरी क्रम हाच.

जागा

स्लॅबपासून फॉल्स सीलिंगपर्यंत किती पोकळी आहे ते मोजा. युनिटची उंची साधारण २५० ते ३०० मिलिमीटर असते आणि वर थोडी मोकळी जागा लागते; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. लहान युनिटं ६०० × ६०० मिलिमीटरच्या ग्रिडमध्ये एका टाइलच्या जागी बसतात, मोठ्यांना ग्रिड कापून कडेने आधार द्यावा लागतो.

आता ढाळाचं गणित. ड्रेन पाइपला १०० ला किमान १ उतार हवा. पाणी बाहेर पडायचं भोक युनिटपासून ६ मीटरांवर असेल, तर पाइपची सुरुवात त्या भोकापेक्षा ६ सेंटिमीटर तरी वर हवी. मध्ये बीम आडवा आला तर? हा प्रश्न आत्ता, टेप हातात असताना विचारा. पाइप अर्ध्यावर गेल्यावर त्याला उत्तर नसतं. गणित जमत नसेल तर युनिट भोकाच्या बाजूला सरकवा, मधोमधचा हट्ट सोडा.

चारही बाजूंनी हवा फेकणारं युनिट भिंतीपासून दीड मीटरभर लांब असलेलं बरं. स्मोक डिटेक्टर हवेच्या झोतात येऊ देऊ नका.

टांगणं

युनिटचं वजन फॉल्स सीलिंगवर कधीच टाकायचं नाही. सीलिंग फक्त पडदा आहे. भार स्लॅबने घ्यायचा. लहान युनिट १५ ते २० किलोचं असतं, मोठं त्याहून बरंच जड.

खोक्यात पुठ्ठ्याचा किंवा कागदाचा नमुना येतो. तो धरून चार रॉडच्या जागा स्लॅबवर आखा. खाली जमिनीवर आखून ओळंब्याने वर नेल्या तरी चालतं. ड्रिल लावण्याआधी स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते पाहा. स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल तर नकाशा हातात आल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. आतली ताणलेली केबल कापली गेली तर गोष्ट एसीपुरती राहत नाही. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून किंवा ब्रशने साफ काढा. भुकटीत बसवलेला अँकर फास्टनर (रॉड स्लॅबला पकडून ठेवणारा बोल्ट) घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण धरत नाही. चारही रॉड बसले की एकेकाला जोर लावून ओढून पाहा.

प्रत्येक रॉडवर क्रम असा: वर एक नट आणि वॉशर, मग युनिटचा कान (कोपऱ्यावरची टांगायची पट्टी), त्याखाली वॉशर आणि दोन नट. खालचे दोन नट एकमेकांवर आवळायचे, म्हणजे पंख्याच्या थरथरीने ते सैल होत नाहीत. युनिट चढवायला दोन माणसं आणि घडवंची हवी. शिडीवर एकट्याने हा प्रयोग करू नये.

मग पाणसळ. छोटी स्पिरिट लेव्हल एका कोपऱ्यावर ठेवून समाधान मानू नका. पारदर्शक नळीत पाणी भरा आणि चारही कोपऱ्यांची पातळी जुळवा. कललंच तर ड्रेनच्या बाजूला किंचित कललेलं चालेल. उलट बाजूला कललं तर पाणी पंपापासून लांब साचतं, पाणी वाढलं की एसी थांबवणाऱ्या फ्लोट स्विचला त्याचा पत्ता लागत नाही आणि ट्रे काठावरून सांडतो.

ड्रेन

इथे घाई केली की ती पुढे कित्येक पावसाळी दिवसांत दिसते. युनिटबरोबर आलेली लवचिक नळी क्लॅम्पने बसवा. ती वाकवून ढाळाचं काम करून घेऊ नका. पाणी वर उचलायचं असेल तर ते युनिटजवळच, साधारण ३०० मिलिमीटरच्या आत, सरळ उभ्या पाइपने. किती उंच, ते पंपाच्या क्षमतेवर. मॅन्युअलमधली मर्यादा ओलांडू नका. त्यापुढे फक्त उतार, पुन्हा चढ नाही.

पाइपला दर १ ते दीड मीटरवर आधार द्या. मी सुरुवातीच्या काळात एका कामात दोन आधारांमध्ये जवळजवळ तीन मीटर सोडले होते. पाइप रिकामा होता तेव्हा नजरेला सरळ दिसत होता. पाणी भरल्यावर तो मध्ये झोळीसारखा लोंबला, त्या झोळीत गाळ आणि शेवाळ साठलं, आणि एके दिवशी जिप्समचा ओला तुकडा टेबलावर येऊन पडला. कापून पाहिलं तर पाइपचा खालचा अर्धा भाग काळ्या चिखलाने भरलेला. तेव्हापासून आधार मोजून लावतो.

ड्रेन पाइपवरही इन्सुलेशन हवं, नाहीतर थंड पाण्यामुळे तो बाहेरून घामेजतो. आणि तो थेट सांडपाण्याच्या पाइपात सोडू नका. तिथला वास खोलीत येतो.

कॉपर पाइप

कापलेल्या टोकाची बुरी (कडेचा धारदार कीस) काढताना तोंड खाली धरा, म्हणजे कीस आत पडत नाही. फ्लेअर करण्याआधी, म्हणजे पाइपचं तोंड तुतारीसारखं पसरवण्याआधी, नट पाइपात घाला (हे विसरून पुन्हा कापणारे जुने हातही पाहिलेत). नट आवळताना दोन पाने वापरा: एक नटाला, दुसरा युनिटच्या जोडाला धरून ठेवायला. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त जोराने फ्लेअर चिरतो. जाड आणि बारीक दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन चढवा, जोडावरसुद्धा, पण ते गळती तपासून झाल्यावर.

गळती नायट्रोजनच्या दाबाने तपासायची. ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. मग व्हॅक्यूम पंपाने पाइपातली हवा ओढून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंप बंद करा आणि आकडा टिकतो का ते पाहा. चढतच राहिला तर गळती किंवा ओल आहे. आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील आहे, जवळ ज्योत नको आणि हवा खेळती हवी.

वायरिंगला स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. इनडोअर-आउटडोअरचे टर्मिनल क्रमांकाला क्रमांक जुळवून.

पाणी ओतून पाहा, मगच झाका

पॅनल (खालून दिसणारी जाळीची चौकट) लावण्याआधी नळी जोडलेल्या बाटलीने ट्रेमध्ये सावकाश लिटरभर पाणी सोडा, पंपाच्या वायर भिजू न देता. एसी कूलवर चालू करा. पंपाची घरघर ऐकू येईल. एकाने बाहेरच्या तोंडाशी थांबून पाणी येतंय का ते पाहावं, दुसऱ्याने प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावावा. ओला डाग कागदावर लगेच दिसतो, डोळ्याला दिसत नाही.

पाइपच्या बाजूला सीलिंगमध्ये ४५० × ४५० मिलिमीटरचं झाकण ठेवा. सजावट करणाऱ्यांना ते आवडत नाही; तरी ठेवा.

पॅनलवर पाइपची बाजू खुणेने दाखवलेली असते, ती जुळवून स्क्रू आळीपाळीने आवळा. सीलिंग आणि पॅनलमध्ये फट राहिली तर थंड हवा तिथून निसटते आणि कडेला दव जमतं. हेही पाणी "गळती" म्हणूनच तुमच्याकडे येतं. फट दिसली तर पॅनल ओढून बसवू नका. झाकणातून हात घालून रॉडचे नट फिरवा, युनिटची उंची बदला आणि पाणसळ पुन्हा एकदा तपासा.