बिगरव्यावसायिक सदस्य परिषदांना जात नाहीत? मंडळांनी या चुका टाळाव्यात

अमेरिकेतील राज्यांच्या परवाना मंडळांवर, म्हणजे दंतवैद्यकासारख्या व्यवसायांचे परवाने देणाऱ्या आणि त्यांचे नियमन करणाऱ्या मंडळांवर, त्या त्या व्यवसायातील मंडळींबरोबरच, व्यवसायाशी संबंध नसलेले आणि केवळ जनतेच्या वतीने बसणारे बिगरव्यावसायिक सदस्यही नेमले जातात. ते बहुधा अल्पसंख्य असतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळात आठपैकी सहा सदस्य दंतवैद्य होते आणि जनतेच्या वतीने एकच. दात शुभ्र करून देणाऱ्या बिगर-दंतवैद्यांना या मंडळाने धंदा थांबवण्याच्या नोटिसा धाडल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५ साली निकाल लागला, की ज्या मंडळावर त्याच व्यवसायात असलेल्यांचे वर्चस्व आहे, त्याला राज्याची सक्रिय देखरेख नसल्यास स्पर्धाविषयक कायद्यांपासून सूट मिळणार नाही. अशा मंडळात वेगळा प्रश्न विचारणाऱ्या बिगरव्यावसायिक सदस्याला नियमनाविषयीच्या परिषदांना जाऊन शिकण्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि परिषदेला कोणाला पाठवायचे हे ठरवताना मंडळ नेमके त्यालाच वगळते.

पहिली चूक सवयीची आहे. अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक यांची नावे आधीच ठरलेली असतात. उरलेल्या जागेसाठी बिगरव्यावसायिक सदस्यांबद्दल "विषय तांत्रिक आहे, त्यांना कंटाळा येईल" असे परस्पर गृहीत धरले जाते. वास्तविक तक्रारींची चौकशी, शिस्तभंगाची कारवाई, परवान्याच्या अटी या विषयांसाठी व्यवसायाची पदवी लागत नाही.

दुसरी चूक परिषदेच्या निवडीतली असून ती मला अधिक गंभीर वाटते. व्यावसायिक संघटनेचे अधिवेशन हे मुख्यतः सभासदांच्या हिताचे व्यासपीठ असते. बिगरव्यावसायिक सदस्याला प्रथम नियामकांच्या परिषदेला पाठवावे. 'क्लिअर' (कौन्सिल ऑन लायसन्शर, एन्फोर्समेंट अँड रेग्युलेशन) ही नियामकांची संस्था अशा परिषदा भरवते आणि तिथे इतर राज्यांतील समदुःखी सदस्य भेटतात. संघटनेच्या अधिवेशनाला पाठवायचेच असेल, तर प्रायोजकांची जेवणे आणि भेटवस्तू यांबाबतचे नियम निघण्यापूर्वीच लेखी द्यावेत.

सदस्य नकार देत असेल, तर तो उदासीन आहे असे समजण्याआधी निमंत्रणाचे पत्र पुन्हा वाचून पाहावे. पत्र दोन आठवडे आधी मिळाले, तिकीट आणि हॉटेलचा खर्च स्वतः करून नंतर बिले सादर करायची आहेत, असा मजकूर असेल, तर नोकरी करणारा माणूस नाहीच म्हणणार. तारखा वर्षाच्या सुरुवातीला कळवाव्यात, नोंदणी आणि तिकिटे कार्यालयानेच काढावीत, आणि कोणती दोन-तीन सत्रे त्याच्या कामाची आहेत ते नावानिशी सुचवावे.

अनेक सदस्य एकत्र जाणार असतील, तर खुल्या बैठकांचा कायदा, म्हणजे मंडळाचे कामकाज जनतेसमोरच चालावे असा कायदा, आड येतो. कॅलिफोर्नियाच्या १९६७ च्या बॅगली-कीन कायद्यानुसार सर्वांसाठी खुल्या असलेल्या परिषदेला बहुसंख्य सदस्यांनी जाण्यास हरकत नाही, मात्र तिथे आपापसात मंडळाच्या अखत्यारीतील विशिष्ट कामकाजाची चर्चा करता येत नाही. या भीतीपोटी कोणालाच न पाठवणे चुकीचे आहे. नियम समजावून सांगितला की पुरते.

परतल्यावर त्या सदस्याला पुढच्या बैठकीत दहा मिनिटे द्यावीत, तीही कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी नव्हे, तर प्रलंबित नियमांवरील चर्चेच्या आधी.