पोटोमॅकवरची चोरटी टपालवाट: कॉलेजच्या प्रदर्शनासाठी प्रतिकृती कशी उभारावी

अमेरिकेतल्या यादवी युद्धावर (१८६१–६५) मुंबईतल्या कॉलेजांत प्रदर्शन लागलं की कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, हेरांच्या वाट्याला बहुधा चेहरेच येतात. रोझ ग्रीनहाऊचा फोटो, बेल बॉइडचा फोटो, खाली चार ओळी. पण पोटोमॅक नदीच्या काठची त्यांची गुप्त टपालवाट चेहऱ्यांवर चालत नव्हती. उन्हाची वेळ, पाण्यातलं प्रतिबिंब, भरती आणि काठावरची दोन-चार घरं यांच्यावर ती चालत होती. हे फोटोत दिसत नाही, प्रतिकृतीत दाखवता येतं.

आधी जागा नीट ठरवा. अख्खी वाट, म्हणजे वॉशिंग्टन, सरॅट्सव्हिल, ब्रायनटाऊन, पोप्स क्रीक, नदीपलीकडे मथायस पॉइंट, पोर्ट रॉयल आणि कॉन्फेडरेट राजधानी रिचमंड, भिंतीवरच्या सपाट नकाशावर घ्या. १:२,००,००० प्रमाणात ती ८०–९० सेंटिमीटरमध्ये बसते. त्रिमित प्रतिकृती फक्त नदी ओलांडण्याच्या जागेची करा. इथे नदी दक्षिणेकडे वाहते. पूर्वेला मेरिलँडचा उंच कडा आणि त्यावर टपाल नदीपार करणाऱ्या थॉमस जोन्सचं घर, पश्चिमेला व्हर्जिनियाचा सखल, झाडीचा काठ आणि तिथे त्याचा पलीकडचा साथीदार बेंजामिन ग्राइम्सचं घर. पात्र साधारण ३ किलोमीटर, म्हणून १:१०,००० प्रमाणात ३० सेंमी. ९० × ६० सेंमीचा, १२ मिमी जाडीचा प्लाय पुरतो. खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकाच, नाहीतर लगदा वाळताना प्लाय वाकतो आणि पाण्यासाठी लावलेला ॲक्रिलिकचा पत्रा उचलला जातो.

कडा सुमारे २४ मीटर उंच. प्रमाणात तो जेमतेम अडीच मिमी होईल आणि कुणाला दिसणारही नाही. म्हणून उंची दहापट वाढवून २४ मिमी घ्या, आणि ‘उंची दहापट वाढवली आहे’ हे पाटीवर ठळक लिहा. थर्माकोल घेऊ नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शिवाय त्याला कड्याची तुटकी कड येत नाही. ३ मिमी पुठ्ठ्याचे आठ थर चिकटवा, वरून कागदाचा लगदा लिंपा. त्यासाठी फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लगद्याला हमखास बुरशी येते. पातळ थर द्या, प्रत्येक थर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि लगद्यात लवंगतेलाचे काही थेंब घाला. बुरशी मारणारा मोरचूद विषारी आहे, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या. जोन्सने आपल्या आठवणींत पद्धत स्पष्ट लिहून ठेवली आहे: सूर्यास्ताच्या जरा आधी पोप्स क्रीकच्या कड्याचं प्रतिबिंब नदीत लांबवर पसरे आणि व्हर्जिनियाच्या झाडीच्या सावलीला जवळपास भिडे. त्या काळोख्या पट्ट्यात वल्ह्यांची छोटी होडी ओळखू येत नसे, आणि रात्रीचे पहारेकरी तर सूर्यास्तानंतर नेमले जात. म्हणजे मध्यरात्र नव्हे, संध्याकाळची ती घटका सुरक्षित होती. निळ्या पोस्टर-रंगाने नदी रंगवली की हे सगळंच बुडतं, कारण निस्तेज रंगात प्रतिबिंब पडत नाही.

३ मिमी पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा घ्या आणि त्याच्या खालच्या बाजूने मध्यम करडा-हिरवा रंग द्या. रंग फार गडद झाला तर झाडांची सावली दिसेनाशी होते, फार फिका झाला तर प्रतिबिंब धुऊन जातं. आधी तळहाताएवढ्या तुकड्यावर तीन छटा देऊन दिव्याखाली तपासा. पत्र्यावरचा संरक्षक कागद अगदी शेवटी काढा. ॲक्रिलिकवर ओरखडे फार लवकर पडतात.

प्रकाशासाठी एकच पिवळसर एलईडी दिवा. दोन दिवे लावले तर सावल्याही दोन पडतात. व्हर्जिनियाच्या काठावर रंगवलेल्या काथ्याची २ सेंमी उंच झाडी लावा. दिवा झाडांच्या मागे ६० सेंमीवर, पाण्यापासून १४ सेंमी उंच ठेवला तर सावली १० सेंमी पडते, नदीचा एक तृतीयांश भाग. दिवा ८ सेंमी उंचीवर आणला की सावली २० सेंमी होते. त्याखाली नेऊ नका. प्रकाश पत्र्यावरून घसरून परततो आणि सावली फिकी पडते. हॉलच्या ट्यूबलाइटखाली यातलं काहीच दिसणार नाही, तेव्हा वरून आणि तीन बाजूंनी काळं कापड हवंच.

बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे, हे बहुतेक ठिकाणी विसरलं जातं. पाण्यापासून ५० सेंमी उंचावरून पाहिलं तर २४ मिमी कड्याचं प्रतिबिंब डोळ्यापर्यंतच्या आडव्या अंतराच्या जेमतेम ५ टक्के भागात मावतं. डोळा १ सेंमी उंचीवर आणला की तेच ७० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून दक्षिण कडेला ५ सेंमी उंच फळी लावून तिला १२ मिमी व्यासाचं भोक पाडा. भोकाचा मध्य पाण्यापासून १ सेंमीवर हवा. ही युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, पोटोमॅक फ्लोटिलाच्या (नदीवरच्या आरमारी तुकडीच्या) गनबोटीची जागा. टेबलावर ४० सेंमी उंच खोकी ठेवून त्यावर प्रतिकृती मांडा, म्हणजे कुणाला फार वाकावं लागणार नाही. प्रतिबिंबाच्या पट्ट्यात एक-एक सेंमीच्या दोन होड्या ठेवा, एक पांढरी आणि एक शिशाच्या रंगाची. भोकातून पांढरी लगेच दिसते, दुसरी शोधावी लागते. जोन्सने लिंकनचा मारेकरी बूथ याला दिलेली १२ फुटी होडी याच गडद शिशाच्या रंगाची होती.

घरांवर कंदील लावायचा मोह टाळा. काठावरचा दिवा गनबोटीलाही दिसला असता. जोन्सच्या शेजारी राहणारी मेरी वॉटसन धोका असला की वरच्या खिडकीत काळं कापड टांगायची, म्हणजे खूण दिवसाउजेडी आणि घरकामात खपून जाणारी. अर्धा सेंमी काळं कापड दोऱ्याने खाली-वर होईल असं करा. किनाऱ्यावर दुबेळकं असलेलं एक वठलेलं झाड हवं. पलीकडून आलेलं टपालाचं पुडकं त्याच्या बेचक्यात ठेवलं जाई. पुढे ते डॉ. डेंट यांच्या ओव्हरकोटाच्या खिशांतून आणि बुटांतून जाई. रोगी पाहायला निघालेल्या डॉक्टरला कोण अडवणार?

भरती भिंतीवरच्या नकाशावर दाखवा. समुद्रापासून इतक्या आत असूनही पोटोमॅक वॉशिंग्टनपर्यंत भरती-ओहोटीची नदी आहे. पाण्याची चढउतार आपल्या खाड्यांच्या मानाने किरकोळ, पण प्रवाह होडी भलतीकडे न्यायला पुरेसा. २० एप्रिल १८६५ च्या रात्री बूथ आणि त्याचा साथीदार हेरॉल्ड यांना जोन्सने मेणबत्ती आणि होकायंत्राची दिशा देऊन माचोडॉक क्रीककडे सोडलं. भरतीने त्यांना उलटं, वरच्या अंगाला ढकललं आणि ते मेरिलँडमध्येच नॅन्जेमॉय क्रीकपाशी लागले. लाल दोऱ्याने ठरलेली वाट दाखवा, निळ्याने प्रत्यक्षातली.

सांकेतिक लिपीचा खेळ शेजारच्या टेबलावर. कॉन्फेडरेट हेर विजेनेर पद्धत वापरत: मजकुराचं प्रत्येक अक्षर किल्लीतल्या अक्षराच्या क्रमांकाइतकं पुढे सरकवायचं. ‘कम्प्लीट व्हिक्टरी’ हा त्यांच्या मोजक्या किल्ल्यांपैकी एक. मराठीत करताना काना-मात्रा सोडा, क ते ळ ही ३४ व्यंजनं घ्या आणि क ला शून्य माना. किल्ली ‘गड’ असेल तर ‘नद’ चं होतं ‘फश’: न (१९) अधिक ग (२) म्हणजे २१, फ, द (१७) अधिक ड (१२) म्हणजे २९, श. बेरीज ३४ किंवा जास्त झाली तर ३४ वजा करा. शेवटी एक वाक्य अर्धं सांकेतिक, अर्धं उघड लिहून द्या. उघड शब्दांवरून बाकीचं ओळखता येतं, आणि युनियनच्या लिपीतज्ज्ञांना नेमका हाच धागा मिळाला.

मजकुरात एक गोष्ट पहिल्याच ओळीत हवी: ही हुशारी गुलामगिरी टिकवायला निघालेल्या बाजूची होती. मेरिलँड युनियनमध्ये असूनही तिथे १ नोव्हेंबर १८६४ पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती. व्हर्जिनियातले गुलाम याच नदीतून, याच गनबोटींकडे सुटकेसाठी पळत. त्यांच्या वाटेसाठी नकाशावर तिसरा, हिरवा दोरा लावा. तो नसेल तर प्रदर्शन हेरांचा गौरव होऊन बसतं.

बाहेर पडण्याच्या दारापाशी मुंबईचा फलक लावा. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकली, लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसाकडे वळल्या आणि मुंबईत शेअरांचा उन्माद चढला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांची मुदत भरताच पेढ्या बुडाल्या. या तेजीतला सर्वांत मोठा सटोडिया प्रेमचंद रायचंद. त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात उभा आहे. फलकावर टॉवरचा फोटो लावा आणि त्याखाली या दोन तारखा.