एका जुन्या साडीची गोधडी, हाताने आणि घरच्या घरी

कपाटात खालच्या कप्प्यात एक तरी कॉटनची साडी असतेच, जी नेसवत नाही आणि टाकवतही नाही. माझ्याकडे आजीची एक होती, जांभळी, काठ विरलेला, धुवून धुवून इतकी मऊ झालेली की हातात घेतली तरी नुसतं बरं वाटायचं. तिची गोधडी शिवली आणि तेव्हापासून हे काम माझ्या हाताला लागलं ते लागलंच. आता घरात, नात्यात कुणाकडे बाळ येणार असलं की मला आधी साड्या आठवतात. बऱ्याच जणी विचारतात कशी करायची, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते. मशीन लागत नाही, क्लास लागत नाही, वेळ मात्र लागतो आणि तो द्यायची तयारी हवी.

पहिली गोधडी लहानच करा, बाळाच्या मापाची, साधारण 40 इंच बाय 40 इंच. मोठी करायला घेतली की आठवडाभरात ती गुंडाळून कपाटावर जाते, हे मी खूप घरांत बघितलंय. लहान असली की मांडीवर मावते, प्रवासात नेता येते, आणि संपते.

साडी सुतीच हवी. जुन्या साड्यांमध्ये कॉटन कुठलं आणि मिक्स कुठलं हे नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी सोपी गोष्ट म्हणजे कडेचा एक धागा ओढून काढा आणि सिंकजवळ उभं राहून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटात चुरला की राख भुरभुरीत होते, पॉलिस्टर असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर ती साडी बाजूला ठेवा, गोधडीत ती घाम शोषत नाही, थर एकमेकांवर सरकतात आणि बाळाच्या अंगाला तर नकोच. साडी नसेल तर जुनं धोतर, पंचा, परकर, बाबांचे सुती शर्ट, पातळ बेडशीट सगळं चालतं. वापरलेला कपडाच घ्या असं मी मुद्दाम सांगते, कारण नव्या कपड्यात खळ असते आणि तो पहिल्या धुण्यात आटतो, मग शिवलेली गोधडी वेडीवाकडी आखडते. नवा घ्यायचाच असेल तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, धुवून, वाळवून मगच वापरा. रंग जातो का तेही बघायचं, पांढरं फडकं ओलं करून कापडावर घासलं की लगेच कळतं.

बाकी सामान थोडंच आहे. जाड सुती दोरा, लांब आणि मोठ्या डोळ्याची सुई (दाभण नको, ते पोत्यांचं काम, कापडाला भोकं पडतात), कात्री, टाचण्या, बोटात घालायला अंगुस्तान आणि दोऱ्यावर फिरवायला मेणाचा तुकडा, घरातली साधी मेणबत्तीही चालते. टाचण्या आधी मोजून एका डबीत ठेवा आणि आकडा कुठेतरी लिहून ठेवा, का ते पुढे सांगते.

आता साडी फाडायची. हो, फाडायचीच, कापायची नाही. सहावारी साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर, पन्हा 45 इंचाच्या आसपास. दोन्ही काठ काढून टाका, त्यांचं काम नंतर आहे. मग 43 इंचावर कडेला कात्रीने छोटी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेत चर्र करून सरळ फाटत जातं, कात्रीने इतकं सरळ मला अजून कापता येत नाही. आजीची साडी फाडताना पहिल्या चिरेला हात थांबला होता, खरं सांगते. पण तो आवाज आला, जुन्या सुताचा बारीक धुरळा उन्हात उडाला, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला आणि वाटलं की आता ही साडी परत घरात फिरणार, तिथून पुढे काही वाईट वाटलं नाही.

असे चार तुकडे निघतात आणि पदराकडचा मीटरभर भाग उरतो. चारपैकी दोन तुकडे 40 बाय 40 चे करा, ते मधले थर. उरलेले दोन मोठेच ठेवा, एक खाली आणि एक वर, म्हणजे चारी बाजूंनी दीड दीड इंच आत दुमडायला मिळतो. वरच्या तुकड्यावर ठिगळं लावायची असतील तर ती याच वेळी टाचून घ्यायची. उरलेला पदर, काढलेले काठ, मुलीचा आखूड झालेला फ्रॉक, शर्टाचा खिसा, जे असेल ते. कडा पाव इंच आत दुमडून चौकोन किंवा त्रिकोण ठेवायचे. रंग जुळवत फार बसू नका, आपल्या जुन्या गोधड्यांमध्ये लाल शेजारी हिरवा शेजारी निळा असाच मामला असतो आणि ते देखणं दिसतं.

फरशी स्वच्छ पुसून कोरडी करा आणि थर मांडा. खालचा तुकडा उलटी बाजू वर करून, त्यावर मधले दोन, त्यावर चौथा. प्रत्येक थर टाकला की मधून कडेकडे तळहात फिरवायचा, एकही सुरकुती ठेवायची नाही, कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेवायचे. मग वरची आणि खालची कड आत दुमडून समोरासमोर आणायची आणि टाचायची. यानंतर कच्चा टाका. वितीच्या अंतराने आडवे आणि उभे लांब लांब टाके, रंग वेगळा घ्या म्हणजे नंतर उसवायला दिसतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. माझ्या दुसऱ्या गोधडीला मी घाईत फक्त चार टाचण्यांवर काम भागवलं, कडेने शिवत शिवत आत आले तेव्हा सगळं ढिलं कापड मध्यभागी जमा होऊन पुरीसारखा फुगा आला. आठ दिवसांचं शिवण उसवावं लागलं. तेव्हापासून कच्च्या टाक्याला एक अख्खी दुपार देते.

खरी शिवण म्हणजे साधा धावदोरा, सुई वर-खाली करत सरळ पुढे जायचं. दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका, गुंता होतो. मेणावरून ओढून घ्या. कोपऱ्यापासून सुरुवात करा, गाठ थरांच्या मध्ये लपवा, आणि कडेला धरून शिवत जा, कोपरा आला की वळा, चारी बाजू झाल्या की अर्धा इंच आत येऊन दुसरी फेरी, असं आत आत मध्यापर्यंत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुईवर तीन चार टाके भरून मग ओढायची, पण दोरा ताणायचा नाही, ताणला की कापड गोळा होतं. अधूनमधून उलटून बघत जा, चारही थरांतून सुई जातेय ना, नवीन हाताची सुई हमखास खालचा थर सोडते. दोरा संपला की तिथेच दोन उलटे टाके घालायचे आणि टोक थरात सोडून कापायचं.

अर्धा इंच अंतर धरलं तर एवढ्याशा गोधडीत 80 मीटरच्या वर शिवण होते, म्हणून म्हटलं वेळ लागतो. रोज तासभर बसलात तर तीनेक आठवडे धरा. घाई असेल तर एक इंच अंतर ठेवा, काम निम्मं होतं, पण गोधडीची ती बारीक लहर आणि वजन अर्ध्या इंचातच येतं असं माझं मत आहे. कोल्हापूर साताऱ्याकडे हिलाच वाकळ म्हणतात, बंगालात कांथा, आणि कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेला समाज) बायका जी कवंदी शिवतात तीही अशीच कडेकडून मध्याकडे जाते. त्या बायका चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या छोट्या त्रिकोणांची फुलं लावतात, ती नसली तर कवंदी उघडी वाटते म्हणे. मीही आता काठाच्या तुकड्यांची फुलं लावते, काठाचं काम आहे म्हटलं होतं ते हेच.

शिवताना शक्यतो एकटं बसू नका. आमच्याकडे दुपारी जेवणं झाली की आत्या दुसऱ्या टोकाला बसायची, ती तिकडून, मी इकडून, आणि बोलणं कुठल्या कुठे जायचं. तिचे टाके माझ्यापेक्षा लांब आहेत, ते त्या गोधडीत आजही ओळखू येतात आणि मला तो भाग जास्त आवडतो.

मध्यापर्यंत पोचलात की कच्चे टाके उसवा, टाचण्या मोजा. आकडा जुळत नसेल तर गोधडी कुणाला द्यायची नाही, इंच इंच चाचपून सापडेपर्यंत. मग कोमट पाणी आणि साध्या साबणात भिजवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि दोन दोऱ्यांवर पसरून कडक उन्हात टाका. एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधून ओढली जाते. आतले थर सुकायला वेळ लागतो, वरून कोरडी वाटली तरी हाताने दाबून गार लागतेय का बघा, ओल राहिली की वास येतो. नंतरही वर्षातून एकदा नवरात्राआधी अंथरूण पांघरूण निघतं तेव्हा अशीच धुवायची.

बाळासाठी असेल तर ती खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला वापरा. तान्ह्या बाळाला झोपवताना अंगावर सैल पांघरूण नको, तोंडावर येऊ शकतं. मोठं झालं की तेच बाळ स्वतःहून ओढून घेतं. माझ्या भाचीची आता पाच वर्षांची झालीये, जांभळी, एका कोपऱ्याचं फूल चावून चावून गेलंय, दिवाळीत तिकडे जाईन तेव्हा नवीन लावायचंय. त्या साडीचा वीतभर काठ मी जपून ठेवलाय.